‘स्थानपोथी’तील झाड, नदी आणि दिशा : हरवलेल्या खुणांच्या शोधाविषयी

चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या स्थानांची नोंद करणारी ‘स्थानपोथी’ हा चौदाव्या शतकातील ग्रंथ मराठी प्रदेशाच्या भूगोलाचे एक अपूर्व साधन आहे. डॉ. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे तो अभ्यासकांच्या हाती आला. अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी 2003 मधील आपल्या ग्रंथात महानुभावांच्या स्थानस्मृतीचा सविस्तर विचार केला. तथापि या साधनाचा उपयोग प्रामुख्याने गावे व देवळे निश्चित करण्यासाठी झाला. वृक्ष, ओहोळ, नदीकाठ या निसर्गखुणा मात्र दुर्लक्षितच राहिल्या.

वस्तुतः या ग्रंथाची पद्धती नामाची नव्हे, संबंधाची आहे. देवळाचे दार कोणत्या दिशेस, त्याच्या कोणत्या अंगाला झाड, तेथून नदी कोणीकडे, अशा क्रमाने स्थान बांधले जाते. त्यामुळे केवळ नामसाम्यावरून केलेली निश्चिती येथे टिकत नाही. ‘गंगा’ म्हणजे गोदावरी, ही साधी बाब विसरली तरी सारा नकाशा उलटतो. देऊळ नव्याने बांधताना दाराची दिशा बदलली, तर त्यावर टेकलेली झाडाची खूणही सरकते.

साधनातील सर्व भागांचे प्रामाण्य सारखे नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. ‘लीळाचरित्रा’च्या ‘एकांक’ भागातील भ्रमण एकट्याचे आहे. साळबर्डीच्या डोंगरातील वास्तव्याला शिष्यांपैकी कोणी साक्षी नव्हते. ‘पूर्वार्ध’ व ‘उत्तरार्ध’ यांत मात्र सोबतच्या शिष्यांच्या आठवणी आहेत. शिवाय म्हाइंभटांची मूळ पोथी नष्ट झाल्यावर हा ग्रंथ स्मरणातून पुन्हा सिद्ध करावा लागला, असे परंपरा सांगते. डोंगरातील झऱ्याचा आणि गोदाकाठच्या वडाचा शोध एकाच निकषाने घेणे म्हणूनच योग्य नव्हे.

संप्रदायाने या जागा जपल्या त्या ओट्यांच्या रूपाने. ओट्याने जागा टिकवली, पण झाडाची आठवण पुसट केली, असा हा विचित्र व्यवहार आहे. (झाडातळी राहण्याचा उपदेश करणाऱ्या आचार्याच्या बाबतीत हे घडावे, हा विरोधाभास बोलका आहे.) आज ओट्याशेजारी उभा असलेला पिंपळ तेराव्या शतकातलाच, असे भाविकाने मानणे स्वाभाविक आहे. अभ्यासकाने ते पुराव्यावाचून मान्य करणे हा दोष होय. झाड मरते, त्याच जागी दुसरे लावले जाते. अशा वेळी टिकते ती जागेची परंपरा, वृक्ष नव्हे. हा भेद नोंदणीत स्पष्ट असावयास हवा.

याहून गंभीर प्रश्न पाण्याखालचा आहे. 1976 मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाने पैठणच्या वरच्या अंगाचा गोदाकाठ बुडवला. तेथील पात्राची वळणे व ओहोळांचे संगम आता धरणपूर्व सर्वेक्षण नकाशांवरच पाहावयाचे, आणि नकाशा झाडे क्वचितच सांगतो. ती सांगू शकत होती विस्थापित गावांतील वृद्ध माणसे. त्यावेळी प्रौढ असलेली ती पिढी आता जवळपास संपली आहे. ग्रंथाच्या पाठभेदांवर जेवढे श्रम खर्ची पडले, त्याचा अल्पांशही या मौखिक साक्षींच्या वाट्याला आला नाही.