नाव विसरलेला खेळ
लहानपणीच्या संगणकखेळाचं नाव मी विसरलो होतो. आठवत होती जमिनीवरची तोफ, वरून जाणारी हेलिकॉप्टरं आणि छत्रीनं उतरणारे सैनिक. या वर्णनात दोन खेळ बसतात: अ‍ॅपल-२ वरचा ‘सॅबोटाज’ (१९८१) आणि आयबीएम पीसीवरचा, ग्रेग कुपरबर्गचा ‘पॅराट्रूपर’ (१९८२). आठवणीतल्या आकाशी-गुलाबी रंगांनी निकाल दिला. ती पीसीच्या सीजीए कार्डाची खूण. चित्रं जेमतेम, पण नियम पक्के: झाडलेल्या प्रत्येक गोळीला एक गुण कमी, एका बाजूला चौघे उतरले, की एकमेकांवर चढून तोफ उडवतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या नजरेनं मला ही काटकसर आजच्या भपक्यापेक्षा मोलाची वाटते. मंडळी, मुलांना एकदा खेळायला द्या. गोळी वाया गेल्याची टोचणी त्यांनाही कळेल.