पाठमोरी पंगत

फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या १९३८ सालच्या एका छायाचित्रात चार माणसं नदीच्या उतारावर गवतात बसून जेवताहेत आणि फोटो काढणाऱ्याची कुणालाच पर्वा नाही. ‘मार्नकाठचा रविवार’ या नावाने ते जगभर ओळखलं जातं. सणासुदीला घरच्यांचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा निवांत बघावं.

फोटोत आभाळ नाही. वरचा भाग पाण्याने व्यापलाय, तिथे एक होडी बांधलेली, होडीत गळाच्या काठ्या. खाली गवतावर बाटल्या, सांडलेल्या-उरलेल्या अन्नाच्या बशा. आणि या दोहोंच्या मध्ये चार ऐसपैस पाठी. हॅट घातलेला एक जाडजूड गृहस्थ ग्लासात वाइन ओततोय. त्याचं सगळं ध्यान त्या धारेवर आहे. मला हा फोटो आवडतो तो या ध्यानासाठी. गृहस्थाचा चेहरा धड दिसत नाही, पण पोट भरलंय, घाई नाही, उद्याची चिंता उद्या, हे त्याच्या खांद्यांवरून कळतं. पाठीला पोझ देता येत नाही, हे कार्तिए-ब्रेसाँने ओळखलं होतं.

काहींना या चित्रात स्थूल, खाऊनपिऊन सुस्तावलेल्या माणसांची टिंगल दिसते. मला नाही दिसत. टिंगल करायला कॅमेरा समोर जावा लागतो, उघडं तोंड आणि तेलकट बोटं पकडावी लागतात. इथे तो मागे, थोड्या उंचावर उभा आहे. मंडळी ज्या पाण्याकडे तोंड करून बसलीत तेच पाणी आपणही त्यांच्या खांद्यांवरून बघतो. म्हणजे पाचवं पान आपलंच.

फोटोला काळाचाही एक पदर आहे. १९३६च्या जूनमध्ये लेआँ ब्लूम यांच्या सरकारने फ्रान्समधल्या कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा आणि चाळीस तासांचा आठवडा दिला. सुट्टी ही चैन सामान्यांच्या आवाक्यात आली, त्या दिवसांतलं हे चित्र. त्याच १९३६च्या उन्हाळ्यात कार्तिए-ब्रेसाँ चित्रपट दिग्दर्शक झां रन्वारचा सहायक होता; ‘पार्ती द कांपान्य’ हा तो चित्रपटही नदीकाठच्या सहलीचाच. पुढे १९३७ साली लंडनमध्ये सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला, तेव्हा या पठ्ठ्याने राजाला सोडून त्याला बघायला जमलेल्या गर्दीचे फोटो काढले! ‘मार्नकाठच्या रविवारा’त काय दिसणार, हे तिथेच ठरलं म्हणायचं.

साधनं साधीच. लहानसा लायका कॅमेरा, त्यावर बहुधा पन्नास मिलिमीटरची लेन्स. ती दूरचं ओढून जवळ आणत नाही, त्यामुळे जवळ जायचं ते स्वतःच्या पायांनी. फ्लॅश तो वापरत नसे आणि कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकून टाकी.

आपल्याकडे उलट चालतं. दिवाळीच्या फराळाला सगळे जमले, गप्पा रंगल्या, की कुणीतरी उठून ओरडतं, “ए, सगळे इकडे बघा!” काका चकलीचा तुकडा लपवतात, मावशी पदर सावरते, पोरं दोन बोटं वर करतात. असा एक फोटो हवाच. वीस वर्षांनी कोण कोण होतं ते त्याच्यावरूनच कळतं. पण त्यात फराळ नसतो, गप्पा नसतात, काका तर जवळजवळ नसतातच.

तेव्हा येत्या दिवाळीत ग्रुप फोटो आधी उरकून टाका. मग फ्लॅश बंद करा, खिडकीच्या उजेडाची बाजू धरा आणि वाढणाऱ्याच्या मागे जाऊन उभे राहा. काका दुसरी चकली उचलतील तेव्हा हाक मारू नका.