डिजिटल व्हिडिओ गेमची 'खरेदी' : मालकी आणि किंमत यांची चिकित्सा

बीजसंज्ञा : मालकी, परवाना, पुनर्विक्री, किंमत, ग्राहकहक्क

प्रस्तावना :

वस्तू विकत घेणे म्हणजे ती वापरण्याचा, दुसऱ्यास देण्याचा आणि गरज संपल्यावर विकण्याचा अधिकार मिळवणे, असा अर्थ व्यवहारात रूढ आहे. डिजिटल व्हिडिओ गेमसाठीही 'विकत घ्या' हेच शब्द वापरले जातात. ग्राहकाच्या हाती मात्र केवळ वापराचा परवाना पडतो. प्रस्तुत लेखात या शब्दाची आणि त्यामागील किंमतव्यवस्थेची चिकित्सा केली आहे.

विवेचन :

कालांतराने किंमत उतरते, हा डिजिटल विक्रीच्या बाजूने केला जाणारा युक्तिवाद निराधार नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या 'स्टीम' या सेवेवर सवलतीच्या काळात जुने गेम अल्प किमतीत मिळतात. परंतु ही उतरण कोण ठरवतो, हा मूळ प्रश्न आहे. तबकडीवरील गेम ग्राहकाला पुन्हा विकता येत असे. त्या जुन्या मालाच्या बाजाराचा किमतीवर अंकुश राही. डिजिटल प्रतीबाबत तो अंकुश नाही. सवलत ही विक्रेत्याची मर्जी ठरते. 'स्टीम'वरील गेम पुन्हा विकता यावेत, असा निर्णय पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये दिला होता. २०२२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो रद्द केला.

युबीसॉफ्टच्या 'द क्रू' या गेमचे उदाहरण येथे बोलके आहे. २०१४ मध्ये तो सुमारे ६० डॉलरला विक्रीस आला; २०१६ मध्ये काही काळ तो विनामूल्य देण्यात आला. एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी आवश्यक होती. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि तबकडी बाळगणाऱ्यांचाही गेम निरुपयोगी ठरला. पूर्ण किंमत मोजणारा आणि फुकट घेणारा, दोघांच्याही हाती अखेरीस सारखेच शून्य उरले. म्हणजे किंमत ही मालकीची नव्हती. ती अनिश्चित मुदतीच्या वापराची होती आणि ती मुदत विक्रीच्या वेळी कोणी सांगितली नव्हती.

निष्कर्ष :

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकास परवानाच मिळतो हे विक्रेत्याने स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. कायमस्वरूपी उतरवून घेऊन जोडणीविना वापरता येणाऱ्या प्रतींना यातून सूट आहे. हा कायदा शब्द प्रामाणिक करतो, हक्क मात्र परत देत नाही. सेवा बंद करताना गेम जोडणीविना चालेल अशी तजवीज करणे हाच खरा उपाय होय. तो अशक्य नाही, कारण टीकेनंतर युबीसॉफ्टनेच 'द क्रू २'साठी तशी सोय करण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले. ई-ग्रंथ व ई-नियतकालिके परवान्यानेच घेणाऱ्या महाविद्यालयांनाही हा प्रश्न परका नाही. वर्गणी थांबल्यावर काय उरते, हे करारापूर्वीच विचारणे अगत्याचे आहे.