अशक्याची बांधणी

नक्कल हा शब्द आपल्या कलाविचारात फारशा मानाने उच्चारला जात नाही. प्रतिभेचे श्रेय मूळ कलावंताचे, आणि नक्कल करणाराच्या वाट्यास फार तर हातोटीचे कौतुक, अशी सर्वसाधारण समजूत आहे. डच चित्रकार एशर याची दृष्टिभ्रमात्मक चित्रे अँड्र्यू लिप्सन व डॅनिएल शिऊ या दोघांनी लेगोच्या ठोकळ्यांत उभी केली आहेत. त्या कृतींची छायाचित्रे पाहिली म्हणजे ही समजूत एकदा तपासून पाहावी असे वाटू लागते.

मौरिट्स एशर (१८९८–१९७२) याच्या ज्या चित्रांचा येथे संबंध येतो, त्यांचे इमारतकाम वरवर पाहता अगदी चोख आहे. 'बेल्व्हेडिअर' या १९५८ सालच्या शिळाछाप चित्रातील सज्जाचे खांब खालच्या मजल्यावर पुढच्या कठड्यापासून निघतात आणि वर मागच्या बाजूस जाऊन टेकतात. शिडीचा पाया घराच्या आत, तर शेंडा बाहेर. 'चढ आणि उतार' (१९६०) या चित्रात गच्चीवरील चौकोनी जिन्याने संन्याशांची एक रांग अखंड चढते व दुसरी अखंड उतरते. दोन्ही पुन्हा तेथेच येतात. या जिन्याची कल्पना लायनेल व रॉजर पेनरोज या पितापुत्रांनी १९५८ साली एका मानसशास्त्रीय नियतकालिकात मांडली होती. गंमत अशी की, लेगोच्या ठोकळ्याच्या आजच्या घडणीचे पेटंटही त्याच साली, २८ जानेवारीस, डेन्मार्कमध्ये दाखल झाले. एकीकडे जे बांधता येत नाही त्याचे चित्र, तर दुसरीकडे हवे ते बांधण्याचे साधन. या दोहोंची गाठ पुढे पडावी यात नवल नाही.

परंतु ही गाठ सुखाची नव्हे. कागदास पाठ नसते. त्यामुळे चित्रातील जिना मागून कसा दिसतो, हा प्रश्न एशरला कोणी विचारूच शकत नाही. ठोकळ्यास मात्र सहाही बाजू असतात. त्याच्या माथ्यावरील उंचवटे परस्परांपासून आठ मिलिमीटरांवर, आणि त्याची उंची ९.६ मिलिमीटर, हा हिशेब ठरलेला. चार बाजूंनी पायऱ्या चढत गेल्यावर शेवटची पायरी पहिलीहून उंच झालीच पाहिजे. येथे बेरीज शून्य येत नाही. मग बांधणाराने करावे काय? मुख्य मार्ग दोन: एक तर बांधणी कोठे तरी तोडावयाची आणि ती फट नेमक्या जागेवरून झाकली जाईल असे करावयाचे, नाही तर एखादा भाग डोळ्यास सरळ भासेल इतक्या बेताने कलता ठेवावयाचा. दोन्ही मार्गांनी दृष्टिभ्रम एकाच बिंदूपुरता उरतो. त्या बिंदूवर कॅमेऱ्याचा एकच डोळा ठेवला की अशक्य ते शक्य दिसते. प्रेक्षक वीतभर सरकला की सारे उघडे पडते.

श्रीशंकुकाने नटाविषयी चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला आहे. चित्रातील घोडा पाहताना होणारी प्रतीती खरी, खोटी, संशयाची वा सादृश्याची यांपैकी कोणतीच नसते. एशरच्या चित्रास हे तंतोतंत लागू पडते. ठोकळ्यांच्या प्रतिकृतीत मात्र या प्रतीतीस क्रम आहे: आधी विश्वास, मग उलगडा, आणि उलगडा झाल्यावरही न ओसरणारा आनंद. हा तिसरा क्षण मूळ चित्राजवळ नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरी १९९९ साली उभारलेला 'अशक्य त्रिकोण' याच जातीचा आहे. भोवती फिरू लागताच त्याच्या तीन भुजा सुट्या होतात, आणि मगच त्याची खरी कारागिरी कळते.

तथापि या कृतींचा उणेपणाही सांगितला पाहिजे. एशरचे संन्यासी केवळ कोडे घालण्यासाठी चालत नाहीत. त्यांच्या त्या निष्फळ परिश्रमात खोल खिन्नता आहे. एक जण सज्जातून ते पाहतो, दुसरा खाली पायरीवर बसून राहिला आहे. या दोघांनी त्या फेऱ्यातून अंग काढून घेतले आहे. 'बेल्व्हेडिअर'च्या तळघरातील गजांआडच्या कैद्याकडे तर कोणी पाहतसुद्धा नाही. या जागी लेगोची ती हसरी बाहुली उभी राहिली की करुणाचा हास्य होतो. आकृती उतरली, पण तिच्यातील माणूस उतरला नाही. 'सापेक्षता' (१९५३) या चित्राची गोष्ट निराळी. त्यात गुरुत्वाकर्षणाच्या तीन दिशा कल्पिल्या आहेत. जिन्यांत मात्र काहीच अशक्य नाही. शिवाय मूळ आकृत्यांनाच चेहरे नाहीत, त्यामुळे गमवावयाचेही थोडेच. म्हणून ही प्रतिकृती सर्वांत निर्दोष वठली आहे. पण निर्दोष असूनही तिच्यात झुंज नाही.

झुंज आहे ती जेथे साहित्यच कल्पनेशी सहकार्य करीत नाही तेथे. म्हणून अशा प्रत्येक कृतीच्या नेमक्या छायाचित्राशेजारी तिचे बाजूने घेतलेले दुसरे छायाचित्रही मांडले जावे, असा माझा आग्रह आहे. पहिल्या छायाचित्रात एशर दिसतो. दुसऱ्यात फट दिसते, कलता खांब दिसतो, बांधणाराची सारी युक्ती दिसते. आणि वस्तुस्थितीपुढे मान न तुकविता तिच्या नियमांतच वाट काढणारी बुद्धीही तेथेच दिसते. नक्कल जेथे उघडी पडते, तेथेच ती नक्कल राहत नाही.