दगडातील उसनवारी : मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालय-वास्तूचे एक वाचन

मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातील ग्रंथालय आणि राजाबाई मनोरा यांच्याविषयी सामान्यतः दोन मते आढळतात. एका मताने ती युरोपीय गॉथिक शैलीची थोर कृती होय. दुसऱ्या मताने ते राज्यकर्त्यांनी आपल्या भूमीवर रोवलेले परके चिन्ह होय. परकी वस्तू कायम परकीच राहते, हे गृहीत मात्र दोहोंत समान आहे. भाषेच्या अभ्यासकाला ते मान्य होण्याजोगे नाही. 'टेबल' हा शब्द बाहेरून आला खरा. पण 'टेबलावर' असे सामान्यरूप घेताच तो मराठी व्याकरणाचा अंकित झाला. तेव्हा शैली कोठून आली एवढेच न पाहता, तिने येथील व्याकरण कितपत स्वीकारले, हे पाहिले पाहिजे.

या वास्तूचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये सिद्ध केला. हिंदुस्थानात ते कधीही आले नाहीत. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८६९ मध्ये काम सुरू झाले व १८७८ मध्ये ते पूर्ण झाले. मनोऱ्याला त्यांनी आपल्या मातोश्रींचे नाव दिले. स्कॉट यांचेच दीक्षान्त सभागृह शेजारी १८७४ मध्ये उभे राहिले होते. त्याचा अर्धवर्तुळाकार शेवट आणि बारा राशींची रंगीत काचेची चक्राकार खिडकी पाहताच ख्रिस्ती प्रार्थनामंदिराची आठवण होते. 'तत्सम' ही संज्ञा किंचित सैल अर्थाने वापरल्यास सभागृहाचा हा अंतर्भाग तत्सम म्हणता येईल.

ग्रंथालयाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या कमानी टोकदार असल्या तरी त्यांच्यामागे सावलीचा व्हरांडा आहे. हा शब्ददेखील इंग्रजीत हिंदुस्थानातूनच गेला, हे येथे ध्यानात घ्यावे. उत्तरेकडील थंड देशांत भिंतीआड बंदिस्त असणारा चक्राकार जिना येथे नक्षीदार दगडी जाळीतून वाऱ्याला मोकळा झाला आहे. दगड कुर्ल्याचा, फिकट पिवळसर, ऊन-पाऊस कोकणपट्टीचा. हवामानाने येथे प्रत्ययाचे काम केले आहे. कमानीचा धातू उसना, पण त्याचे चालणे येथील. या अर्थाने ग्रंथालय तद्भव आहे, आणि त्याचे सौंदर्यही प्रामुख्याने याच रूपांतरात आहे.

परंतु मनोऱ्याकडे दृष्टी नेली की या विधानाला मर्यादा घालावी लागते. तेथे पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या मूर्ती आहेत. रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने त्या घडविल्या. परक्या मनोऱ्यावर आपली माणसे आली, म्हणून या मूर्तींचे कौतुक केले जाते. घडणीतील निरीक्षण खरोखर सूक्ष्म आहे. तरीही या मूर्ती परस्परांशी कोणत्याही संबंधाने बांधलेल्या नाहीत. प्रत्येक जण आपल्या जागी, आपल्या पोशाखासह, एका जातीचा नमुना म्हणून उभा आहे. हा कोश आहे, वाक्य नव्हे. माणसांची अशी वर्गवार नोंद करणे ही तत्कालीन राज्यकारभाराची दृष्टी होती. शिवाय ज्या काळात ही माणसे मनोऱ्यावर चढली, त्याच काळात त्यांच्या भाषांना विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत स्थान उरले नव्हते. ते परत मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ झटावे लागले. वेष आत आला, वाणी बाहेर राहिली.

म्हणून या वास्तूचे मूल्यमापन एकाच शब्दात करता येत नाही. जेथे तिने सावली, वारा आणि दगड यांचे म्हणणे ऐकले, तेथे ती आपली झाली. जेथे तिने माणसांची केवळ यादी केली, तेथे ती परकी राहिली. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा भाग म्हणून २०१८ मध्ये तिला जागतिक वारशाचे स्थान लाभले. दगडाचे जतन त्यामुळे सुकर होईल. पण मनोऱ्याखालच्या वाचनगृहात मराठीत वाचणारा व मराठीत विचार मांडणारा विद्यार्थी बसतो, तेव्हाच वरच्या त्या मुक्या कोशाला खाली वाक्य मिळते. ते काम वास्तुशिल्पज्ञाचे नाही. ते आपल्या विभागांचे आहे.