निश्चयच आठवत नसेल तर?

व्यसनमुक्तीचं मराठी वाचन बहुतेकांचं अनिल अवचटांपासून सुरू होतं. ब्राऊन शुगरवरचे त्यांचे लेख वाचून पु. ल. देशपांडे मदतीला पुढे आले आणि 1986 साली पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं राहिलं. ‘मुक्तांगणची गोष्ट’ आम्ही अनेकदा वाचली आहे. तिचं ऋण मान्य करूनच आज लोहाऱ्यात एक आक्षेप नोंदवतो.

या प्रकारच्या लेखनाचा कणा म्हणजे निश्चय. माणूस बुडतो, पस्तावतो, ठरवतो, घसरतो, पुन्हा ठरवतो. पण ठरवलेलं लक्षातच राहत नसेल तर?

वर्षानुवर्षं दारू आणि पोटात अन्न नाही, यातून ब-1 जीवनसत्त्व संपतं. माणूस गोंधळतो, डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, तोल जातो. ही तातडीची वेळ. ब-1ची इंजेक्शनं तेव्हाच मिळायला हवीत. ती वेळ हुकली की पुष्कळदा नवी आठवण टिकेनाशी होते. कोर्साकॉफचा विकार तो हाच. जुनं आठवतं, सकाळचं नाही. मधली रिकामी जागा मेंदू कल्पनेने भरतो.

1993च्या भूकंपानंतर सास्तूरसारखी आपली गावं नव्या जागी वसली. अशाच एका गावातले गृहस्थ संध्याकाळ झाली की जुन्या गावठाणाकडे चालू लागतात, घरी जायचं म्हणून. त्यांच्या पत्नी आम्हाला म्हणाल्या, “सर, आधी वाटायचं लबाड बोलतेत. आता कळलं, त्यांना तेच खरं वाटतंय.”

लॉक नावाचा तत्त्वज्ञ सांगून गेला की, माणसाचं ‘तोच’ असणं त्याच्या जाणिवेच्या, आठवणीच्या धाग्यावर टिकतं. आम्ही ते चाळीस वर्षं शिकवलं. त्या ओसरीवर बसल्यावर पटेना. त्यांचं ‘तेच’ असणं तर ही बाई सांभाळते आहे! चष्मा एकाच खुंटीला, भिंतीवर मोठं कॅलेंडर, एका वेळी एकच काम. चूक करून शिका, हा आपला मास्तरी नियम इथे उलटा पडतो. चूकच मनात रुजते, म्हणून ती होण्याआधीच हात धरायचा. दारू पूर्ण बंद, जेवण नीट आणि काही महिन्यांचा धीर, एवढं जमलं तर बऱ्याच जणांत थोडीफार सुधारणा दिसते. हातांना सवयीची असलेली कामं तर पुष्कळदा शाबूत असतात. हे गृहस्थ आजही दोर छान वळतात.

मग आक्षेप कशावर? ‘घरी पुनर्वसन’ या शब्दावर. त्यातल्या ‘घर’ या शब्दाआड एक बाई लपलेली असते. दिवसा शेतावर मजुरी, रात्री राखण. ‘मुक्तांगण’ने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट सुरू केला, ही त्यांची मोठी दृष्टी. तशी बसायची जागा तालुक्याच्या गावी का नसावी? आठवड्यातून एक दुपार कुणी शेजाऱ्याने त्या गृहस्थांजवळ बसावं, हे तरी अवघड आहे का?

निश्चयाच्या गोष्टी मराठीत झाल्या, चांगल्या झाल्या. आता राखणीची गोष्ट कुणीतरी लिहावी. तोवर त्या दुपारी आपण वाटून घेऊ. थांबतो.