एंजल आयलंडच्या निनावी कविता

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल आयलंडवर १९१० ते १९४० या काळात अमेरिकेत येणाऱ्या आशियाई स्थलांतरितांना अडवून ठेवत. तिथल्या लाकडी भिंतींवर चिनी बंदिवानांच्या दोनशेहून अधिक कविता आढळल्या. त्यांना केवळ दुःखाचे दस्तऐवज मानणे मला अपुरे वाटते. १८८२च्या चिनीबंदी कायद्याच्या आधारे अधिकारी खोदून विचारत: घराला खिडक्या किती, शेजारी कोण? उत्तर चुकले, तर परत पाठवणीचे भय. कविता मात्र बहुतेक निनावी, अभिजात चिनी वृत्तांत बांधलेल्या. कचेरीला हवी होती एकेकाची ओळख. कवितेतला ‘मी’ सगळ्या कोठडीचा झाला. १९७०च्या सुमारास पाडायला निघालेली इमारत याच कवितांमुळे वाचली. त्यांचे वाङ्मयीन मोल मला या सामूहिक ‘मी’मध्ये दिसते.